लूसीला दूध मी पाजलं

"तू आया आहेस ना? मग आयासारखी राहा. मला शिकवू नकोस."

बाई असं म्हणाल्या तेव्हा खोलीत वीस-बावीस पोरं होती, महिला मंडळाच्या पाच-सहा बायका होत्या आणि एक फोटोवाला होता. सगळ्यांनी ऐकलं. फोटोवाला मान खाली घालून कॅमेऱ्याशी खुडबुड करायला लागला. एक बाई तोंडाला रुमाल लावून हसली. लूसी माझ्या मांडीवर होती. तिला काय कळणार? ती माझ्या बांगड्या वाजवत होती.

मी गप्प बसले.

मला त्या गप्प बसण्याबद्दल सांगायचंय. अपमान नवा नव्हता. तसले अपमान मी जन्मल्यापासून गिळलेत. पण त्या दिवशी अपमान मी गिळला आणि मेली दुसरीच.

गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या बाजूला टेकडीच्या उतारावर सिस्टरांचं घर होतं. पत्र्याचं छप्पर, दोन लांब खोल्या, मधे लहानसं प्रार्थनाघर. एका खोलीत पोरं. आजारी, टाकून दिलेली, फुटपाथवर सापडलेली. कुणाचे पाय वाळलेले, कुणाचं डोकं पाण्यानं फुगलेलं, कुणाला दिसत नव्हतं. दुसऱ्या खोलीत रस्त्यावरनं उचलून आणलेल्या म्हाताऱ्या. चार सिस्टर आणि आम्ही पाच आया.

मी तिथे लागले ती गिरण्यांच्या संपामुळे. नवरा गिरणीत रिंगखात्यात, सूत काढायला होता. संप होऊन वर्ष उलटून गेलं तरी गिरणीचं दार काही उघडेना. घरात सासू आणि दोन पोरं. शेजारणीनं सांगितलं म्हणून मी टेकडी चढून गेले. मोठ्या सिस्टर केरळच्या. सिस्टर आग्नेस. मराठी बोलायच्या, पण त्यांच्या मराठीत सगळी दुनिया पुरुष होती. मला म्हणाल्या, "पोरांचा गू-मूत काढावा लागेल. चालतो?"

मी म्हटलं, "आमच्या पिढ्या दुसऱ्यांची घाण काढण्यातच गेल्या, सिस्टर."

"मग उद्या ये."

एवढंच. आडनाव विचारलं नाही. आम्ही सावंतवाडीकडचे, धर्म बदललेले बौद्ध. गाव सोडलं, धर्म सोडला, पण आडनाव आमच्या पुढे चालत येतं आणि आमच्याआधी पोचतं. ते न विचारता मला कामावर ठेवणारी ही पहिली बाई. त्यामुळे मी त्या घराला माझं मानलं. म्हणून तर जास्त बोचतं.

लूसी चार वर्षांची होती. दिसायची दीड वर्षाची. अंधेरीच्या पुलाखाली राहणारी एक बाई तिला आणून देऊन गेली होती, ती परत आली नाही. जन्मताना श्वास अडकलेला, म्हणून डोक्याला इजा झालेली. मान धरत नव्हती. हात कोपरात वळलेले. पण कान फार तिखट. माझ्या बांगड्यांचा आवाज दारातून आला की अख्ख्या अंगानं हसायची. कॉट हलायची तिची.

तिला भरवायला मला सिस्टरनी तीन आठवडे शिकवलं. आधी बसवायचं. मान किंचित पुढे. पेज घट्ट. अर्धा चमचा. गिळल्याचा आवाज आला की मग दुसरा. दूध, पाणी, पातळ काही द्यायचं नाही. आडवं करून तर कधीच नाही. नाहीतर पोटात जायचं ते छातीत जातं. तिचं एक जेवण तासभर चालायचं. घरी माझ्या पोरांना मी कधी एवढा वेळ दिला नाही.

आणि हे सगळं मला माहीत होतं. पाठ होतं.

त्या दिवशी सिस्टर आग्नेस एका तापाच्या पोराला घेऊन हॉस्पिटलात गेल्या होत्या. पोरांच्या खोलीत लहान सिस्टर होती, नुकतीच आलेली, पाहुण्यांना घाबरणारी. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. यांच्याकडून आम्हाला दर महिन्याला दुधाच्या पावडरचे डबे यायचे. बाई मराठीच. गोऱ्या, उंच, अंगावर मोतिया रंगाची रेशमी साडी. मी पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी हातात घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं.

ग्लास खिडकीत ठेवला गेला. भरलेला. तहान एकदम गेली त्यांची.

मग त्या कॉटकॉटवरून फिरल्या. मंडळाची स्मरणिका निघणार होती, त्यात फोटो हवा होता. डोकं फुगलेल्या पोराकडे बघून म्हणाल्या, "नको, हा बघवत नाही." लूसीशी थांबल्या. "ही चांगली आहे. डोळे मोठे आहेत. हिला मी दूध पाजते. घ्या फोटो."

मी म्हटलं, "बाई, तिला आत्ताच भरवलंय. आणि दूध पातळ असतं, तिला चालत नाही. ठसका लागतो. नुसतं जवळ घेऊन काढा ना फोटो."

त्यावर ते वाक्य आलं. तू आया आहेस ना.

मी लहान सिस्टरकडे बघितलं. ती म्हणाली, "एक चमचा दे ना. ते डबे देतात."

बाई खुर्चीवर बसल्या. साडी खराब होऊ नये म्हणून मांडीवर टॉवेल अंथरला. लूसीला त्यावर आडवं घेतलं. मला म्हणाल्या, "तू मागून डोकं धर. फोटोत येऊ नकोस."

मी खुर्चीमागे उकिडवी बसले. हात तेवढा पुढे काढला. तिचं डोकं माझ्या तळहातात.

पहिला चमचा. फोटोवाल्याचा फ्लॅश उडाला नाही. "आणखी एक," तो म्हणाला. दुसरा चमचा. बाईंचा पदर सरकला, तो नीट केला. तिसरा. लूसीचे डोळे गरागरा फिरत होते. ती मला शोधत होती. मी मागे होते, दिसत नव्हते. ती खोकलीच नाही आधी. नुसती ताठ झाली. मग ओठांभोवती निळं झालं. मग खोकली.

मी ओढून तिला उभी धरली, पाठ चोळली. दूध नाकातून आलं.

"अगं, साडी, साडी!" बाई ओरडल्या.

फोटो मिळाला होता. मंडळ म्हाताऱ्यांच्या खोलीकडे गेलं.

डोकं धर म्हटलं तेव्हा मला फक्त उठायचं होतं. तिला उचलून बाहेर जायचं होतं. दार दहा पावलांवर होतं. मला कुणी बांधलं नव्हतं. कुणी हात धरला नव्हता. हात माझा होता आणि तो लूसीचं डोकं मागे धरून बसला होता, बाईंना सोयीचं पडेल असं.

संध्याकाळी सिस्टर आग्नेस आल्या. लूसीच्या कॉटशी थबकल्या. "हा असा श्वास का घेतो?"

मी म्हणाले, "दुपारची पेज थोडी बाहेर आली."

पेज. खोटं बोलले मी. लहान सिस्टर बाजूला उभी होती. तीही काही बोलली नाही.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्यानं उठून दार लावलं. मग म्हणाला, "तोंड बंद ठेव. तुझी नोकरी गेली तर खायचं काय आपण?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो भुकेला होता आणि लाजलेला होता. पण त्यानं सांगितलं म्हणून मी गप्प राहिले, असंही म्हणणार नाही. मी आधीच ठरवलं होतं. त्याच्याकडून फक्त होकार घेतला.

दुसऱ्या दिवशी लूसीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल. नाकाला नळी, छातीतून घरघर. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. "अशा मुलांना होतो." मी बाजूला होते. बोलायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायले. चौथ्या दिवशी दुपारी लूसी गेली. मी बांगड्या वाजवून बघितल्या. कॉट हलली नाही.

खोकं एवढंसं होतं. एका माणसानं काखेत नेलं असतं, पण चौघांनी नेलं. फादरनी प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मीही टाकली. माझ्या हातानं. तोच हात.

महिन्याभरात फोटो आला. काचेत बसवून. बाई हसताहेत, चमचा पुढे, लूसीचे मोठे डोळे. आणि खाली, डोक्याखाली, एक काळा हात. मनगटात हिरव्या बांगड्या. धड नाही, तोंड नाही. लहान सिस्टरनी तो पडवीत लावला. येणारे-जाणारे बघायचे, म्हणायचे, किती प्रेमानं भरवताहेत.

मी बांगड्या काढून ठेवल्या. नवरा असताना हात मोकळे, सासूनं लगेच बघितलं. "गो, हातातली कांकणा खंय गेली? घोव जिवंत आसा मा तुझो?" मी म्हटलं, कामात फुटतात. आणखी एक खोटं. एकदा सुरू झालं की त्याचं सूत संपत नाही.

आठ महिने मी त्या फोटोखालून गेले-आले. दुसऱ्या पोरांना भरवलं.

नाताळच्या आधी बाई पुन्हा आल्या. केक होता, लाल टोप्या होत्या, तोच फोटोवाला होता. यावेळी सिस्टर आग्नेस घरात होत्या, दारापाशी उभ्या. नवीन पोर आलं होतं, अँथनी. अडीच वर्षांचा, मान न धरणारा. माझ्याच मांडीवर बसून पेज खात होता.

बाई आल्या, हात पुढे केले. "हा द्या इकडे. दूध आणा."

त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "नाही."

"काय?"

"नाही देणार. गेल्या खेपेला ज्या पोरीला तुम्ही दूध पाजलंत ती चौथ्या दिवशी मेली."

एक टोपी खाली पडली तेवढा आवाज.

बाईंचा चेहरा उतरला, मग चढला. "काय वाट्टेल ते बोलतेस? ती मुलगी आजारीच होती."

"आजारी होती. मरत नव्हती."

"सिस्टर, हिची भाषा ऐकताय? तुम्ही हिला ठेवणार असाल तर मला इथे येता येणार नाही."

मी अँथनीला छातीशी धरून उठून उभी राहिले होते. खरं सांगते, शूर वगैरे काही नव्हते. फक्त यावेळी उभी होते.

सिस्टर आग्नेस जमिनीकडे बघत राहिल्या. बाईंना त्यांनी थांबवलं नाही आणि मलाही घालवलं नाही. गाडी गेल्याचा आवाज आला.

मग मी सिस्टरना सगळं सांगितलं. चमचे किती, डोकं कसं धरलं, पेजेचं खोटं. सिस्टर कॉटवर बसल्या.

"मला माहीत होता," त्या म्हणाल्या. "छाती ऐकला तेव्हाच. पेजचा आवाज असा नसतो. लहान सिस्टर पण रडला माझ्याजवळ. मी कोणाला विचारला नाही. बावीस पोर आहे. दूध बंद झाला तर?" डोळे पुसले. "तू प्रार्थना कर. मी पण करतो. देव क्षमा करतो."

मी म्हटलं, "सिस्टर, आमच्या घरात देव नाही. आणि असता तरी त्याला मधे घेऊ नका. त्याला कुणी आडवं करून दूध पाजलं नव्हतं. जिला पाजलं ती क्षमा करायला उरली नाही. मग मला क्षमा दुसऱ्याकडून नको."

सिस्टर उठल्या, पडवीत गेल्या, स्टुलावर चढून फोटो काढला. माझ्या हातात दिला नाही. स्वतः कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

डबे बंद झाले. पुढचे तीन-चार महिने वाईट गेले. मोठ्या पोरांना दुधाऐवजी नाचणीची आंबील. दोघांची वजनं उतरली. सिस्टर गोरेगाव-मालाडच्या दारोदार फिरल्या, तेव्हा दुसरीकडून दूध सुरू झालं. त्या उतरलेल्या वजनांनाही मी जबाबदार आहे. "नाही" म्हटलं की सगळं उजळतं असं मला कुणी सांगू नये. कुणीतरी उपाशी राहतं त्यात. पण कुणी निळं पडत नाही.

बाईंना मी सोडलेलं नाही. आडनाव ऐकून पाणी न पिणारा हात माझ्या पोरीच्या तोंडात दूध ओततो, त्याला मी दया म्हणणार नाही. कुठेही विचारा, म्हणणार नाही. पण बाईंवर सगळं टाकून मला मोकळं होता येत नाही. ठसक्यानं पोर जातं हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता त्या घरात मी सगळ्यात जुनी आया आहे. पाहुणे येतात, खेळणी देतात, पोरांशी बोलतात. भरवत नाहीत. कुणी कितीही मोठं असो. नवी आया आली की भरवायला मी शिकवते. बहुतेक माझ्यासारख्याच असतात, कुठल्या तरी बंद गिरणीच्या घरातल्या, मान खाली घालून आलेल्या, हो म्हणायची सवय लागलेल्या. त्यांना चमचा देण्याआधी मी समोर बसवते. सांगते की माझ्या हातून इथे एक पोर गेलं. तिचं नाव सांगते. मी कशी गप्प बसले ते सांगते. कुणी घाबरतं, कुणी रडतं, एक तर दुसऱ्या दिवशी आलीच नाही. मी तरी सांगते. बाईंचं नंतर येतं. आधी माझं.