खिळ्यावरची चार नंबर

यंदाही तोच प्रश्न निघाला. आमच्या फुटबॉल क्लबची मीटिंग माझ्या किराणा दुकानात भरते, कारण बसायला साखरेची पोती आणि वर फुकटचा चहा असं गावात दुसरीकडं कुठं मिळत नाही. दसरा नुकताच झाला होता. अध्यक्ष तेलाच्या डब्यावर टेकले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अजून एक स्टार फॉरवर्ड आणायचा का न्हाई, ते आजच ठरवून टाका. मागून चांगला गडी घावत न्हाई."

"नको," मी म्हणालो, तेही जरा जास्तच जोरात. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांचंही बरोबर होतं. गेल्या वर्षी ह्याच दुकानात, ह्याच लोकांसमोर "आणा" म्हणणारा मीच होतो.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं. इकडं पोरं क्रिकेट खेळतात, नाहीतर मोबाइल. फुटबॉल आला तो शाळेतल्या एका ड्रिल मास्तरांमुळं. ते नांदेडकडचे होते, येताना दोन बॉल घेऊन आले आणि रिटायर होऊन गेले तेव्हा मागं एक टीम ठेवून गेले. त्या टीमचा मी गोली. आज अडतीस वर्षांचा आहे, पोट सुटलंय, उडी मारली की खाली यायला वेळ लागत नाही, पण दुसरा गोली मिळत नाही म्हणून अजून मीच. आणि माझ्या पुढं उभा राहणारा स्टॉपर म्हणजे माझा सातवीपासूनचा दोस्त. पाठीवर चार नंबर. तो समोर असला की मला फारसं काम उरायचं नाही. समोरच्या टीमचा फॉरवर्ड कुठं जाणार हे त्याला आधीच कळायचं. मी त्याला विचारायचो, "कसं कळतंय बे तुला?" तो म्हणायचा, "पायाकडं बघत न्हाई मी. कमरेकडं बघतो."

पण दिवाळीच्या तोंडावर तो गावात नसतो. तो आणि त्याची बायको ऊसतोडीला जातात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका कारखान्यावर, ते थेट गुढीपाडव्यालाच परत येतात. आमच्या गावातली निम्मी घरं अशीच ट्रकमध्ये बसून जातात. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

टुर्नामेंट मात्र सव्वीस जानेवारीलाच असते, तालुक्याच्या गावाला. तेव्हा मैदान मोकळं असतं, पाहुण्यांना झेंडावंदन उरकून बसता येतं. आमचा स्टॉपर, दोन्ही बॅक, असे मागचे तिघंही तेव्हा उसाच्या फडात. म्हणून दर साली आमचा फॉरवर्ड चांगला आणि मागं सगळं मोकळं. दर साली हरलो की आमचे लोक म्हणणार, गोल कमी पडले, अजून एक फॉरवर्ड पाहिजे होता. घराला दार नाही आणि हे खिडकीला रंग कुठला द्यायचा ते ठरवतात. हे मला आता सुचतंय. तेव्हा मीही रंगच ठरवत होतो.

आमच्याकडं एक रीत आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही. ऊसतोडीला जायच्या आधी क्लबातला गडी आपली जर्सी धुऊन माझ्या दुकानात आणून देतो आणि मी ती आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. तो परत येईपर्यंत ती तिथंच. कुणी घालायची नाही. जर्सी खिळ्यावर आहे म्हणजे टीममधली त्याची जागा त्याचीच आहे. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, आप्पा, हे कपडे विकायला हायत का? वडील कपाळावरची विभूती सावरत म्हणायचे, "न्हाई बाबा, ती माणसं हायत."

गेल्या वर्षी डिसेंबरात भर दुपारी त्याचा फोन आला. मागं कोयत्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"टुर्नामेंट कवा हाय?"

"सव्वीसला. दरसालसारखी."

"मी येऊ का? मुकादमाला इचारलंय. सुट्टी द्यायला तयार हाय तो. इतक्या वर्षात एकदाबी खेळलो न्हाई बे मी. पुढल्या साली गुडघा चालंल का न्हाई, कुणाला म्हाईत."

मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं, "जर्सी हाय ना खिळ्यावर?"

मी मान वळवून बघितलं. होती. "हाय की," मी म्हणालो.

"मंग झालं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. एक फॉरवर्ड आमच्याकडं आधीच होता, संभाजीनगरचा. अध्यक्षांच्या डोक्यात दुसरा भरला होता, नांदेडकडचा, सहा फुटी, दोन्ही पायांनी मारणारा. अध्यक्षांनी मोबाइलवर त्याचे गोल दाखवले. आम्ही सगळे डोकी एकत्र करून बघत बसलो. खरंच पोरगं भारी होतं. मी दोस्ताचं नाव काढलं, नाही असं नाही. म्हणालो, "आपला स्टॉपर यायचं म्हणतोय." अध्यक्ष हसले. "तीन महिने ऊस तोडून येणार, रातभर एसटीत बसणार, अन् सकाळी काय खेळणार? नावं पंधराच द्यायचीत. तू सांग, कुणाला घ्यायचं?"

मी त्या मोबाइलकडं बघितलं. मलाही जिंकायचं होतं. एकदा तरी तो कप दुकानात, आगरबत्तीच्या कपाटावर ठेवायचा होता. मी म्हणालो, "आणा फॉरवर्ड."

पंधरा जणांची यादी माझ्याच हातानं लिहिली. दोस्ताचं नाव त्यात नव्हतं. त्याला फोन करायचा होता. आज करू, उद्या करू असं करत मी चक्क टाळलं. दुकानात गर्दी होती, संक्रांतीचे तीळ आले होते, असलं काहीतरी मी स्वतःलाच सांगत राहिलो. आणि एवढ्यावरच थांबलो असतो तरी बरं होतं. नवीन फॉरवर्ड आला, तर आमची एकही जर्सी त्याला बसेना. कशीबशी बसली ती एकच, खिळ्यावरची चार नंबर. मी ती स्वतः काढली. खिळा मोकळा झाला तेव्हा मला कसंतरी वाटलं. मी त्यावर कॅलेंडर लावून टाकलं.

सव्वीसला सकाळी आम्ही मैदानावर वॉर्मअप करत होतो, तेव्हा तो फाटकातून आत आला. खांद्याला पिशवी, पिशवीत बूट. उन्हानं काळाठिक्कर पडलेला, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. लांबूनच हसत हसत येत होता. मग त्याला चार नंबर दिसली. त्या उंच पोराच्या अंगावर. तो चालता चालता हळू झाला. माझ्याजवळ आला, तेव्हा हसू अजून तोंडावर होतं, पण ते आता कुठं ठेवावं ते त्याला कळत नव्हतं.

"यादी दिली का?" त्यानं विचारलं.

"काल दिली."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आमच्या इकडं टुर्नामेंटवाले दोन शब्द गोड बोललं की नाव बदलून देतात, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. मी अध्यक्षांकडं बघितलं, अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं, आणि मी मूग गिळून गप्प बसलो. ह्या गोष्टीची मला अजून लाज वाटते. बाकी सगळं समजावून सांगता येईल, हे नाही.

तो घरी गेला नाही. माझ्या गोलच्या मागं येऊन उभा राहिला. तिथल्या मैदानावर गोलला जाळी नसते. बॉल आत गेला की तो सरळ मागच्या ज्वारीत जातो. मॅच गेवराई तालुक्यातल्या एका टीमशी होती. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या दोन्ही स्टारांनी एकेक गोल मारला. लोक नाचायला लागले, अध्यक्षांनी टोपी उडवली. आणि मग समोरच्यांना आमच्या मागची मोकळी जागा दिसली.

आमचे दोन्ही फॉरवर्ड पुढंच उभे. बॉल गेला तरी एकही मागं येईना. दोघांनाही आपल्याच पायात बॉल पाहिजे. मागं स्टॉपर म्हणून आम्ही गावातल्या कुरिअरवाल्याला उभं केलं होतं. चांगला माणूस, पण तो पायाकडं बघायचा. मागून दोस्त ओरडत होता, "डावीकडं सरक! त्याला आत येऊ देऊ नको! पुढं जा, पुढं जा!" त्याचं सगळं बरोबर निघत होतं, पण कुरिअरवाल्याला ते एका क्षणानं उशिरा ऐकू येत होतं.

पहिला गोल झाला, तेव्हा दोस्त पळत ज्वारीत गेला, बॉल घेऊन आला आणि माझ्या हातात दिला. दुसरा झाला तेव्हाही. तिसऱ्याच्या वेळी तो पळत गेला नाही, चालत गेला. हाफ टाइमनंतर त्याचं ओरडणं बंद झालं. पाच गोल खाल्ले मी. पाच वेळा त्यानं ज्वारीतून बॉल आणून माझ्या हातात दिला आणि एकदाही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. आम्ही पाच-दोननं हरलो.

दुपारच्या गाडीनं तो परत निघाला. स्टँडवर मी त्याच्यासाठी चहा घेतला. तो उभ्यानंच प्यायला. म्हणाला, "फॉरवर्ड भारी हाय. लई भारी हाय." मग कप कट्ट्यावर ठेवला. "पण मागं कुणी न्हाई." गाडी लागली, तो चढला, आणि खिडकीची जागा मोकळी असूनही पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

पाडव्याला ट्रक परत आले. तो दुकानात आला नाही. चहापत्तीला, साबणाला त्याची बायको यायची. एक दिवस दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "भावजी, एक इचारू का?"

"विचारा की, वहिनी."

"ह्यांचा खेळ चांगला झालता म्हणं. हरलो, पण माझ्यामुळं न्हाई, असं म्हणले. खरं हाय का?"

माझ्या हातात तराजू होता. मी त्यात बघत राहिलो.

"मीच म्हणलं जावा म्हणून," ती सांगत होती. "वरीसभर तेच डोक्यात असतंय त्यांच्या. दोन दिस मी एकटीनं तोडला ऊस, मोळ्या बी मीच वाहिल्या. मुकादम म्हणला, अर्धा कोयता धरीन. म्हणलं धर. माणूस कवातरी खेळंल का न्हाई?"

"खरं हाय, वहिनी," मी म्हणालो. "लई चांगला खेळला."

ती एवढी हसली की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग तिनं आत भिंतीकडं बघितलं. मॅचनंतर मी कॅलेंडर काढून जर्सी परत अडकवली होती, तशीच, न धुता. "अगं बाई, किती माती!" ती म्हणाली. "द्या इकडं, धुऊन आणते."

मी नको म्हणू शकलो नाही. त्या उंच पोराच्या घामाची, मातीची जर्सी तिनं नवऱ्याची म्हणून पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी स्वच्छ धुऊन, घडी घालून आणून दिली. काखेत उसवलेली शिवण घातली होती. ते पोरगं अंगानं रुंद होतं, त्यानंच ती उसवली होती. दोस्ताच्या अंगावर ती कधीच उसवली नसती.

तर यंदाच्या मीटिंगमध्ये मी "नको" म्हणालो ते ह्यामुळं. म्हणालो, स्टॉपरला बोलवा, त्याचं नाव यादीत आधी लिहा. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो येतो म्हणला का?" मी त्याच्या घरी गेलो होतो. तो अंगणात कोयत्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मला न्हाई खेळायचं आता. तुमी आणा फॉरवर्ड." सातवीपासून त्यानं मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

फॉरवर्ड आणायचं ठरलं. माझा एकट्याचा हात खाली होता. चार नंबर मात्र मी कुणाला देणार नाही म्हणून सांगितलं, तर अध्यक्ष म्हणाले, "नको देऊ. नवीन शिवू."

काल ट्रक गेले. दुकानासमोर वळणावर दोस्ताचा ट्रक जरा थांबला. तो सामानावर बसला होता, त्यानं तोंड दुसरीकडं केलं. बायकोनं मात्र मला बघून हात केला आणि इंजिनच्या आवाजावर ओरडली, "भावजी, यंदाबी सव्वीसलाच ना? मी सोडते ह्यांना! जर्सी हाय ना खिळ्यावर?"

त्यानं तेव्हा माझ्याकडं बघितलं. जानेवारीपासून पहिल्यांदाच.

"हाय, वहिनी," मी ओरडून सांगितलं.