संगणकाला लावलेलं कुंकू
हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज दारच्या झेंडूचा वास आला आणि मी कारकून होतो ते पनवेलच्या शाळेचं ऑफिस आठवलं. दसऱ्यानंतर संगणक सुरूच होईना, नुसता बीप बीप ओरडत राहिला. खंडेनवमीला झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्याची पूजा केली होती. ‘कुंकू आत गेलं,’ मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ‘सायेब, मी वरच लावलाय, आत नाय गेला,’ त्या म्हणत राहिल्या, पण त्यांचं काम सुटलं. खरं तर पूजेआधी मीच तो उघडून पुसला होता आणि मेमरीची पट्टी अर्धवट बसवली होती. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप दाबली तशी मशीन सुरू झाली. पुढे माफी मागायला त्यांच्या गावी, नेऱ्याला गेलो, तर दारातच त्यांनी विचारलं, ‘सायेब, मशीन चालू झाली ना?’ मी ‘हो’ म्हणालो, पाणी प्यायलो आणि परत आलो.