पेंढीवरचा श्री

"माहा श्री कोनं पुसला? जवाईबापू, तुमाले इचारून राहिलो."

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हा आवाज एकोडी गावच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा करणाऱ्या बायांनी ऐकला आणि त्यांच्या हातातले धानाच्या रोपांचे पऱ्हे उभे लागायचे ते आडवे लागले. आवाज साकोलीपर्यंत गेला म्हणतात. मी मोजायला गेलो नाही.

पुसला मीच होता. त्याला कारण होतं.

न्यूजग्रुप नावाची एक जुनी चीज इंटरनेटवर अजून जिवंत आहे. एका सर्व्हरवर लिहिलेला लेख दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि असा जगभर हिंडतो. हे चालवणारे थोडेच वेडे उरलेत. त्यातला एक सातासमुद्रापार बसतो, एक, म्हणजे मी, मामाजींच्या ओसरीत, धानाच्या पोत्यांमध्ये. आमच्या गटात धान आणि तलाव यांवर सात-आठ म्हातारे लिहितात. त्या सगळ्यांचं मिळून होतं तेवढं मामाजी एकटे लिहितात. इथलं नेट मर्जीचं. म्हणून एकेक लेख न धाडता आठवड्याचे सारे लेख एका फाइलीत बांधायचे आणि नेट आलं की एका दमात पलीकडे ढकलायचे. पऱ्ह्याची बांधतात तशीच ही पण पेंढी, असं मामाजींनी ठरवून टाकलं होतं.

पेंढी बांधायला लागलो तेव्हापासून तीन आठवडे ती परतच येत होती. मी आधी टॉवरला शिव्या दिल्या, मग तारेवरच्या माकडांना. शेवटी पलीकडच्या सर्व्हरवाल्यानं कळवलं: रविवारी तुमच्या दुपारी बारापर्यंत धड पेंढी आली नाही, तर तुमचा गट यादीतून काढतो. म्हणजे मामाजींचं लिहिणं वाचणारं जगात कोणी उरणार नव्हतं. घरात तर आधीच नव्हतं.

रविवारी अकराला मी फाइल उघडून पाहिली. पहिल्या ओळीवर श्री. पलीकडच्या सर्व्हरला तिथं त्याची ठरलेली खूण आणि लेखाच्या लांबीचा आकडा लागतो. दुसरं काही दिसलं की तो अख्खी पेंढी दारातूनच फिरवतो. आणि मामाजींनी, लग्नपत्रिका असो की खताची यादी, श्रीशिवाय कागद कधी सुरू केलेला नाही. मी पाठ फिरवली की दर आठवड्याला ते गुपचूप घालून जात. मी तो पुसला, आणि साकोलीपर्यंत गेलेला तो आवाज उठला.

"बिना श्रीचा कागद घराबाहेर जाते का?" मामाजी म्हणाले.

"मामाजी, हे त्यायची खूण पाहा. हा त्यायचा श्री. त्याच्या डोक्स्यावर आपला बसवला त त्यायले बरं वाटन का?"

दुसऱ्याचा मान म्हटला की मामाजी नरमतात. हे मला ठाऊक होतं.

"मंग आपला कुठी?"

"तुमच्या लेखाच्या कपाळावर. पेंढी बांधाच्या आधी."

"आतमंदी? कोनाले दिसन?"

लाखोरीची डाळ निवडणाऱ्या मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी, मानसुद्धा वर केली नाही. "तुमचे लेख तरी कोनाले दिसून राहिले?"

श्री आत गेला. पेंढी नव्यानं बांधली. आणि पावणेबाराला नेट गेलं.

मग मामीजी उठल्या. आंबे उतरवायचा झेला काढला, त्याच्या जाळीत, ज्यावरून नेट येतं तो माझा मोबाइल टाकला आणि बांबू मामाजींच्या हाती दिला. मामाजींनी तो कौलांच्या वर असा धरला, जसं आंबागडच्या किल्ल्यावर निशाण चढवतात. पेंढी सरकली. मध्येच अडली. मामाजी एक पाऊल डावीकडे झाले, पुन्हा सरकली. बाराला एक मिनिट कमी असताना पलीकडून निरोप आला: सगळे लेख मिळाले, गट कायम.

मी असा नाचलो की ओसरीचे खांब वीतभर खाली गेले. कोंबड्यांनी त्या दिवशी दोनदोन अंडी दिली. बांधीतल्या बाया लग्न कोणाचं ते विचारायला आल्या, त्यांना मी चहा पाजला आणि सांगितलं की एकोडीची पेंढी समुद्र ओलांडून गेली.

"पाहा मामाजी," मी म्हणालो, "वरचा श्री पुसला म्हून गेली."

मामाजी झेला आढ्याला खोचत होते.

"आतमंदी श्री होता म्हून गेली," ते म्हणाले.