बैलाला टक्कल पडत नाही

वयाच्या चोविसाव्या वर्षी माझं कपाळ वर सरकायला लागलं आणि सव्विसाव्या वर्षी ते टाळूपर्यंत जाऊन पोचलं. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी आमगावला मास्तर होतो, घरी धानाची शेती होती. आईने माक्याचं तेल, मेथीचा लेप, कांद्याचा रस असं सगळं माझ्या डोक्यावर पेरून पाहिलं. उगवलं काहीच नाही. (कांद्याच्या वासामुळे हेडमास्तर माझ्यापासून दोन हात लांब उभे राहायला लागले, हा एक फायदा.)

अशात माझं लग्न ठरलं. मुलगी दरेकसाजवळच्या खेड्यातली, नाव कौसल्या. तिला पाहायला गेलो तेव्हा मी कानापर्यंत टोपी ओढून बसलो होतो. ती काढायला कोणी सांगितलं नाही, आणि मीही आपण होऊन काढली नाही. लग्न चैत्रात होतं. हळदीला डोकं उघडं करावंच लागणार, या विचाराने माझी झोप उडाली, आणि उरलेले केस त्या काळजीने गळायला लागले.

शेवटी गोंदियाला एका डॉक्टरांकडे गेलो. सदाशिवमामा बरोबर आला. हा आईचा धाकटा भाऊ. न विचारता बरोबर येणं आणि न विचारता बोलणं, हे त्याचे दोन गुण.

डॉक्टरांनी माझं डोकं खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं. वडिलांचे केस कसे होते, आजोबांचे कसे होते, ते विचारलं. मग शांतपणे समजावलं की पुरुषाच्या अंगात वयात येताना एक रस तयार होतो, त्याला हार्मोन म्हणतात. त्याच्यामुळेच दाढीमिशी येते, आवाज फुटतो, आणि काही घराण्यांत त्याच्यामुळेच डोक्यावरचे केस जातात. लहानपणीच ज्यांचं पुरुषपण काढून घेतलं, त्यांना असं टक्कल पडत नाही.

मामा खुर्चीत पुढे सरकला. "मंजे बैलावानी?"

"तसंच समजा," डॉक्टर म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले की तुमच्यात हा रस जास्त आहे असं मुळीच नाही, तुमच्या डोक्याला तो सोसत नाही एवढंच. पण हे सांगेपर्यंत मामाचं ऐकणं संपलं होतं. मी उपाय विचारला. डॉक्टर म्हणाले, खात्रीचा उपाय तेवढा एकच, आणि तुमचं तर लग्न ठरलंय म्हणता!

आमगावपर्यंतच्या पॅसेंजरमध्ये मामाने अख्ख्या डब्याला सांगितलं की भाच्याच्या अंगात पुरुषपण इतकं झालंय की ते डोक्यातून बाहेर पडून राहिलंय.

पुढच्याच आठवड्यात कौसल्येचे वडील गोविंदराव, मांडवाचं बोलायला, आपल्या दोन भावांना घेऊन न कळवता आमच्याकडे आले. मी अंगणात खाटेवर उघडाबोडका बसलो होतो आणि आई माझ्या डोक्यावर मेथीचा लेप थापत होती. टोपी घरात खुंटीला होती. तिघेही फाटकापाशी थबकले आणि माझ्या डोक्याकडे पाहत राहिले.

काही तरी बोलणं भाग होतं. मी तोंड उघडलं, पण मामा माझ्या आधी पोचला. पाहुण्यांना बसवून त्याने डॉक्टरांचं सगळं म्हणणं आपल्या पद्धतीने सांगितलं. टक्कल ही मर्दाची खूण. ज्याच्या अंगात तो रस नाही, त्याचे केस मरेपर्यंत जात नाहीत. आणि मग, विषय नीट समजावा म्हणून, त्याने विचारलं, "बैलाले टक्कल पडलेलं कधी पाहिलं का जी तुमी?"

गोविंदरावांनी सावकाश आपली पगडी काढून मांडीवर ठेवली. वय पंचावन्नच्या पुढचं, पण डोक्यावर केस असे की श्रावणातलं धानाचं शेत. मग मधल्या भावाने पगडी काढली. मग धाकट्याने. तिन्ही डोक्यांत बोट शिरायला जागा नव्हती.

"मंग आमी तिघं भाऊ कोन होय जी?" गोविंदरावांनी विचारलं.

मामा विषय अर्धवट सोडून चहा आणायला आत गेला. (आयुष्यात पहिल्यांदाच!) तिघे उठले. चहा तसाच राहिला. जाताना धाकटा भाऊ म्हणाला की मांडवाचं आता राहू द्या.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जसं काही तो रस मीच मुद्दाम तयार केला होता! मला मात्र खरोखर वाईट वाटत होतं. कौसल्येला मी एकदाच पाहिलं होतं, पण तेवढ्यात ती मनात बसली होती.

रविवारी मी एकटाच दरेकसाच्या गाडीत बसलो. मामाला वेळ चुकीची सांगितली. टोपी घेतलीच नाही. स्टेशनापासून गावापर्यंत उन्हात चालत गेलो, त्यामुळे पोचलो तेव्हा डोकं तांब्याच्या घागरीसारखं झालं होतं.

गोविंदरावांनी बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच टोपीबद्दल माफी मागितली आणि डॉक्टरांचं उरलेलं अर्धं म्हणणं सांगितलं. तो रस तुमच्या अंगातही आहे आणि माझ्याही. तुमच्या डोक्याला तो सोसतो, माझ्या डोक्याला सोसत नाही. एवढंच.

त्यांनी माझं डोकं एकदा नीट निरखून पाहिलं. मग म्हणाले, "मंजे जमीनच हलकी हाय तुमची."

मी मान्य केलं. त्यांचा चेहरा जरा निवळला, पण मुलगी द्यायची की नाही ते बोलेनात. तेवढ्यात दाराआडून कौसल्येचा आवाज आला.

"बाबा, मले तवाच दिसलं होतं. मायच्या पाया पडताना ह्यायची टोपी घसरली होती."

"मंग सांगतलं काऊन नाही?" गोविंदराव म्हणाले.

"कायले सांगू? तुमची तीन डोस्की तेलानं चोपडू चोपडू मायचे हात गेले. मले बिनातेलाचं डोस्कं चालते."

आतून तिची आई हसली. गोविंदरावांनी नकळत आपल्या केसांवरून हात फिरवला आणि मला बसायला सांगितलं.

लग्न ठरलेल्या दिवशीच झालं. मामाला मागे चुलीपाशी आचाऱ्यांवर देखरेखीला बसवलं होतं आणि पाहुण्यांजवळ फिरकू द्यायचं नाही, असं आईने बजावलं होतं. संसारही चांगला झाला.

पण कौसल्या अजूनही डॉक्टरांचं म्हणणं मानत नाही. घरात विंचू निघाला की मी खाटेवर चढतो आणि ती चप्पल घेऊन पुढे होते. शेजारणींना ती बिनदिक्कत सांगते की टकलाचा आणि मर्दपणाचा काडीचाही संबंध नाही. आणि कोणी पुरावा मागितला, की खाटेकडे बोट दाखवते.