पेटीवाल्यांची प्रार्थना

वाशीच्या आमच्या चर्चमध्ये दर रविवारी दिसणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे त्यांना पेटीवाले म्हणत. दिवसा रबाळ्याच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी घरामागे शवपेट्या बनवायचा जोडधंदा. कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "प्रेषित पौलसुद्धा उपदेश सांभाळून तंबू शिवायचाच की!"

वाशीला रेल्वे नुकती आली होती, तेव्हा वडिलांना हार्ट अटॅक आला. पेटीवाले रोज घरी प्रार्थनेला येऊ लागले. वडिलांच्या डोक्यावर हात ठेवून ते इतक्या कळवळून आयुष्य मागत, की आईला रडू फुटे. 'आमेन' झाल्यावर मात्र तोच हात उशीपासून पायथ्यापर्यंत पलंगाच्या कडेवरून वितीवितीनं सरके. वडील किलकिल्या डोळ्यांनी ते बघत आणि हळूच पाय पोटाशी घेत.

वडील बरे झाले. चर्चमध्ये उभं राहून त्यांनी साक्ष दिली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं 'हालेलूया' पेटीवालेच म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी वडिलांना मिठी मारली. डोळे खरोखर भरले होते.

"प्रभूनं ऐकलं, भाऊ," ते म्हणाले. "तसंही फळ्या अजून ओल्याच होत्या."