बिनरंगाचा

संध्याकाळी देवळामागे दशावताराची मंडळी तोंडाला रंग लावत होती. राक्षस होणारे तात्या लालभडक झाले, तशी पोरं मागे सरकली. हा राक्षस गर्जना करूनच येतो, म्हणून त्याच्या मरणाला बायका हळहळतात.

नाटकात राजाला विष देणारा प्रधान मात्र बिनरंगाच्या तोंडाने विडी ओढत बसला होता.

"तुम्ही नाही लावत रंग?" मी विचारलं.

"माका रंग कशाक? मी तुमच्यातलोच दिसाक व्हयो," तो गोड हसून म्हणाला.

त्या प्रधानाला आजवर कुणी माफ केलेलं मी पाहिलं नाही.

मी पटांगणात आलो. माणसं जमत होती, सगळी बिनरंगाची. एका अनोळखी गृहस्थाने सतरंजीवर सरकून जागा केली आणि गोड हसून "बसा" म्हणाला. मी उभाच राहिलो.