आत्याच्या वागण्याचं नाव

नवा तागा उलगडला की खळीचा कोरडा, गोडसर वास दुकानभर पसरतो. परवा बालवाडीत जाणारी माझी नात त्या वासात तोंड खुपसून बसली. कापडाची कड नाकाशी धरायची, मग बोटांनी चोळत कानाशी न्यायची, पुन्हा नाकाशी. हाका मारल्या, वळली नाही. गुलमंडीच्या बाजारातल्या त्या भर दुपारच्या कालव्यात मला एकाएकी आत्या दिसली. गावाकडं, पिशोरच्या आमच्या ओट्यावर, नव्या लुगड्याचा काठ असाच कानाशी धरून बसलेली.

आत्या, माझ्या वडलांची धाकटी बहीण. बोलणं मोजकं, नजर कुणाला द्यायची नाही. ताटात भाकरी ठरल्या जागीच हवी. ती सरकली की दिवस नासला. वाजंत्री वाजली की कान दाबून किंचाळायची. पाहायला आलेली माणसं अर्धा चहा टाकून उठायची. गाव तिला घुमी म्हणायचं, बाहेरचं झालंय म्हणायचं, आणि भावकीनं बोट ठेवलं ते वडलांवर: दुसऱ्याचा बांध कोरलास, त्याचा शाप बहिणीला भोवला. ऐकून ऐकून वडील वाकले. मी पाठीवर कापडाचं गाठोडं टाकून शहरात आलो, घासाघीस करत दुकान उभं केलं, पण भावकीला माफ केलं नाही. त्यांच्यातलं कुणी आजही गिऱ्हाईक म्हणून आलं, तर मी भावात रुपया सोडत नाही.

सुनेनं हट्ट धरून नातीला डॉक्टरकडं नेलं, तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच गेलो. डॉक्टरबाईंनी सुनेला बारीकसारीक प्रश्न विचारले, पोरीशी खेळल्या, आणि शेवटी म्हणाल्या, ही स्वमग्नता आहे, ऑटिझम. शाळेला सांगा, म्हणजे बाई तिला सांभाळून घेतील. माझा आवाज चढला. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, आता घरोघरी निघतंय, ही दुकानदारी मला शिकवू नका, मीही दुकानदारच आहे. शाळेत चकार शब्द जाणार नाही, पोरीला जन्माचा शिक्का बसेल. बायको शेजारून पुटपुटली, "साऱ्या जगाशी घासाघीस झाली, आता आजाराशीबी करा."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "हा आजार नाही, काका, मेंदूची घडणच वेगळी असते. आणि तेव्हाही अशी माणसं होतीच. आम्हाला ओळखता येत नव्हती. आज आकडा वाढलेला दिसतो, त्यात आता ओळखू येणारी लेकरं पुष्कळ असावीत. आठवून बघा, तुमच्याकडं असं कुणीच नव्हतं?"

नाय म्हणायला मी तोंड उघडलं. मघाचे सगळे प्रश्न पुन्हा कानावर आले, आणि एकूण एक प्रश्नाचं उत्तर आत्या होती. शाप नव्हता, बाहेरचं नव्हतं, बांधाचा तर काही संबंधच नव्हता. वडील निर्दोष होते, आणि हे ऐकायला वडील नव्हते. मग एकेक जण आठवू लागला. आठवडी बाजारात उलट्या गाडीचं चाक दिवसभर फिरवत बसणारा, ज्याला सगळे येडा म्हणत. देवळाच्या पायरीवर एका लयीत डुलत बसणारा, ज्याला देवमाणूस म्हणत. गावोगाव होती ही माणसं. कुठल्याच मोजणीत आली नाहीत.

सुनेला म्हणालो, "शाळेत सांग. उद्याच. मी येतो संगं."

आत्या म्हातारी होऊन गेली. तिच्यासमोर वाजंत्री वाजवणाऱ्या एकालाही कधी कळलं नाही, की त्या आवाजानं तिला खरोखर दुखतंय. काळ पुढं सरकतो म्हणतात. माझ्या नातीपाशी तो वेळेवर पोचला. आत्यापाशी आलाच नाही, आणि त्याचा जाब कुणाला विचारावा, हे आयुष्यभर भांडत आलेल्या मला अजून उमगत नाही.